फ्लेवरच्या चहात चहा किती? घरीच चाखून पाहू या

आपल्या घरांत दिवसातून किती वेळा चहा होतो, हे कुणी मोजत नाही. फजरनंतर एक, कामावर निघताना एक, पाहुणा आला की एक, आणि असरनंतर तर ठरलेलाच. महिन्याच्या किराण्यात चहा पावडर आधीपासून असायचीच, आता तिच्या शेजारी नवे पुडे येऊन बसलेत. इलायची फ्लेवर, मसाला, लेमन ग्रीन टी, जास्मिन, तुळस. अंधेरी-बोरिवलीत जा नाहीतर घाटकोपर-मुलुंडला, मोठ्या दुकानात चहाची एक अख्खी रांग असते. मग प्रश्न पडतो, या पुड्यांसाठी आपण चहाचे पैसे देतो की वासाचे? याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही. आपली जीभ ते देऊ शकते, फक्त तिला नीट विचारावं लागतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही घरच्यांनी मिळून ते करून पाहिलं. आपणही करा, तासाभराचं काम आहे.

आधी चहा म्हणजे काय ते पाहू

काळा चहा, ग्रीन टी, आसामचा, दार्जिलिंगचा, हे सगळे एकाच झाडाच्या पानांपासून होतात. त्याचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. पान खुडल्यावर लगेच गरम केलं तर ते हिरवं राहतं, तो ग्रीन टी. पान चुरडून हवेत राहू दिलं की कापलेल्या सफरचंदासारखं तांबूस होतं, तो काळा चहा. आपण रोज उकळतो तो दाणेदार चहा 'सीटीसी' पद्धतीचा. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, त्याचे बारीक गोळे करतात. ही पद्धत 1930च्या दशकात आसामात निघाली. बारीक दाण्यातून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, म्हणून दूध घातलं तरी चव टिकते.

आणि आपला गवती चहा? तो चहा नाहीच, ते सुगंधी गवत आहे. तुळस, पुदिना, दालचिनी यांचे नुसते काढेही चहा नव्हेत. त्यांत चहातलं कॅफिन नसतं. पुड्यावर 'टी' लिहिलं म्हणून आत चहाचं पान असेलच असं नाही, हे पहिलं लक्षात ठेवू.

चाखायचं कसं?

चहा चाखणाऱ्या जाणकारांसाठी 1980 साली एक आंतरराष्ट्रीय पद्धत ठरवली गेली. 100 मिलिलिटर उकळतं पाणी, 2 ग्रॅम चहा, वर झाकण, 6 मिनिटं, मग गाळणं. दूध-साखर नाही. हेतू उत्तम चहा करणं हा नसून प्रत्येक चहाला सारखाच न्याय देणं हा आहे. शाळेच्या प्रयोगात आपण एकच गोष्ट बदलतो आणि बाकी सगळं सारखं ठेवतो ना, तसंच हे.

घरी चार सारखे काचेचे ग्लास घ्या. चहा शक्यतो वजनानं मोजा. लांब पानाचा चहा हलका असतो, त्यामुळे चमच्याचा हिशोब फसतो. ग्लासाखाली नावाची चिठ्ठी उलटी ठेवा आणि चहा ओतला एकानं तर चाखू दे दुसऱ्याला. नाव दिसलं की महागडा पुडा आपोआप चांगला लागतो!

पाणीही एकच हवं. उपनगरांत बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरिंगचं पाणी मिसळतात. पाणी जड असेल तर चहाचा रंग मळकट होतो आणि वर पातळ साय धरल्यासारखा तवंग येतो. तोच पुडा नातेवाइकांकडे चांगला लागतो आणि आपल्याकडे नाही, याचं कारण कधीकधी पुड्यात नाही, टाकीत असतं.

आता आधी वास घ्या, मग सुर्रर्र आवाज करत घोट घ्या. एरवी अम्मी यावर ओरडतात, पण चहा चाखताना हाच नियम आहे. हवेबरोबर वास घशामागून नाकात जातो आणि चव पूर्ण कळते. प्रत्येक चहानंतर साध्या पाण्यानं तोंड खळखळा. थंड होत आल्यावर पुन्हा एकेक घोट घ्या.

आम्हाला काय आढळलं?

आम्ही साधा आसाम दाणेदार, इलायची फ्लेवरचा पुडा, दार्जिलिंगचं पान आणि लेमन ग्रीन टी असे चार ठेवले. वासात इलायचीवाला सर्वांच्या पुढे होता. पण तिसऱ्या घोटाला वास विरला आणि खाली उरलेला चहा साध्या आसामपेक्षा फिकाच निघाला. दार्जिलिंगचा रंग इतका हलका की मुलांना वाटलं पावडर कमी पडली. त्याची खरी चव थंड होताना कळली. लेमन ग्रीन टीत लिंबाचा वास भरपूर होता, पण आंबटपणा अजिबात नाही. कारण वास लिंबाचा होता, रस नव्हता.

दुसऱ्या फेरीत नेहमीसारखं दूध-साखर घातली. दार्जिलिंग दुधात हरवून गेला, आसाम उभा राहिला. तिसऱ्या फेरीत साध्या आसाममध्ये दोन इलायच्या ठेचून टाकल्या आणि तो फ्लेवरच्या पुड्याशेजारी ठेवला. चिठ्ठ्या उलटल्यावर कळलं की घरातल्या सगळ्यांनी ठेचलेल्या इलायचीचाच ग्लास निवडला होता. हा आमच्या घरचा निकाल आहे, आपला वेगळा येऊ शकतो. पण एक गोष्ट कुणालाही तपासता येते. फ्लेवर पानाचा दर्जा झाकू शकतो. म्हणून नवा पुडा आधी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चाखावा.

आल्याबाबत एक सूचना. कच्चं आलं दुधात थेट टाकलं तर त्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटू शकतं. आलं आधी पाण्यात उकळा, दूध नंतर घाला.

पुडा वाचायचा कसा?

पहिला हिशोब पैशांचा. कपाला अडीच ग्रॅम धरले तर 250 ग्रॅमच्या पुड्यात 100 कप होतात. टी बॅगेत साधारण दीड-दोन ग्रॅम चहा असतो, म्हणजे 25 बॅगांच्या डब्यात फार तर 50 ग्रॅम. डबा मोठा दिसतो, म्हणून भाव ग्रॅमवर काढा.

दुसरं, फ्लेवर घातलेल्या चहावर तसं स्पष्ट लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. तेव्हा घटक वाचा. इलायची घातली आहे की फक्त इलायचीचा फ्लेवर, हे तिथे कळतं. काही फ्लेवर अल्कोहोलमध्ये विरघळवून तयार करतात आणि पुड्यावर त्याचा उल्लेख असतोच असं नाही. शंका असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा आणि मसला आपल्या आलिमांकडे न्या. ठेचलेल्या इलायचीला मात्र कुणाला विचारावं लागत नाही.

तिसरं, भेसळ. सुट्या चहात रंग मिसळल्याचा संशय आला तर शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा फिल्टर पेपर घ्या, त्यावर थोडी पावडर पसरा आणि पाणी शिंपडा. कृत्रिम रंग असेल तर कागदावर लगेच काळपट तपकिरी डाग उमटतात. कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा म्हणजे ते नीट दिसतात. लोखंडाचा चुरा असेल तर चुंबक फिरवून कळतो. दोन्ही तपासण्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच घरोघरी करण्यासाठी सुचवल्या आहेत.

मौलाना आझादांचा चहा

बिनदुधाचा चहा ही आजची फॅशन नाही. ऑगस्ट 1942 मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांना मुंबईत अटक झाली आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं. तिथे लिहिलेली त्यांची पत्रं 1946 साली 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापली गेली. त्यांत चहावर त्यांनी अगदी मन लावून लिहिलंय. त्यांना 'व्हाइट जास्मिन' नावाचा चिनी चहा प्रिय होता आणि चहात दूध घालण्याची आपली सवय त्यांना मुळीच पटत नसे. आपण दूध सोडावं असं आमचं म्हणणं नाही. पण कैदेतही चहाकडे इतकं लक्ष देणारा माणूस आपल्याला एवढं नक्की शिकवतो की सवयीनं पिणं वेगळं आणि चाखून पिणं वेगळं.

कधी प्यायचा, हेही महत्त्वाचं

चहा कुठलाही असो, साधा, फ्लेवरचा किंवा हिरवा, त्यातली तुरट द्रव्यं जेवणातलं लोह शरीरात पूर्ण शोषलं जाऊ देत नाहीत. पालक, मेथी, डाळी, बाजरी यांतल्या लोहावर हा परिणाम जास्त होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता, म्हणजे ॲनिमिया, आढळला. सकाळचा नाश्ता चहा-पाव किंवा चहा-खारीवर भागवून वर्गात मलूल बसलेल्या मुली आम्ही शिक्षक रोज पाहतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही चहाबरोबर घेतली तर तिचा फायदा कमी होतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला सोपा आहे. जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा नको. रमजानमध्ये हे पाळायला अवघड नाही. इफ्तारला खजूर, पाणी, फळं घ्या आणि जेवून घ्या. चहा तरावीहनंतर ठेवा. डाळीवर, भाजीवर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शरीरात शोषलं जायला मदत होते, आणि ते काम लिंबाच्या फ्लेवरनं होत नाही.

पुढच्या महिन्याची किराण्याची यादी करण्याआधी घरात असलेले दोन पुडे असे शेजारी ठेवून बघा. चाखायला मुलींना बसवा आणि जेवणानंतरचा तास मोजायचं कामही त्यांच्याकडेच द्या.