जळायचं, पण बेतानं

पनवेल म्हटलं की आज डोळ्यांसमोर एक्स्प्रेसवे, रेल्वेचं जंक्शन आणि नवा विमानतळ येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बैलगाडीचं चाक आलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंपीरियल गॅझेटियरनं कुलाबा जिल्ह्याचे धंदे सांगताना पनवेलच्या चाकांची मुद्दाम नोंद घेतली आहे. कारण सरळ होतं. 1830 मध्ये जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना बोर घाटाची गाडीवाट खुली झाली. मुंबईचा माणूस आणि माल होडीनं पनवेल बंदराला लागायचा आणि तिथून गाडीनं घाट चढायचा. 1863 मध्ये रेल्वे घाट चढून गेली, तरी गावोगावच्या गाड्या काही थांबल्या नाहीत. सागाची आणि तिवसाची रानंही हाताशीच होती.

लाकडावरच्या शोभेच्या जाळकामाबद्दल लिहिताना मी चाकापासून सुरुवात करतो, याचं कारण धाव, म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. मधल्या तुंब्यात आरे ठोकून, त्यांवर घेराचे लाकडी पाटे बसवून सुताराचं काम संपलं की चाक लोहाराच्या अंगणात येतं. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी आखूड ठेवलेली असते. तिच्याभोवती गोवऱ्या रचून पेटवतात. चार मीटर घेराची पट्टी पाचेकशे अंशांनी तापली की जवळजवळ अडीच सेंटिमीटर वाढते, म्हणजे चाकावर उतरण्यापुरती. मग दोघं-तिघं सांडशांनी ती उचलतात, चाकावर टाकतात आणि घण घालून खाली बसवतात. लाल लोखंड टेकताक्षणी पाटे पेट घेतात. धुराचा लोट उठतो, पिवळ्या ज्वाळा धावेच्या कडेनं पळतात, आणि लगेच घागरींनी पाणी. लोखंड आवळतं, आऱ्यांचे सांधे कडाकड वाजत तुंब्यात घुसतात. पाणी उशिरा पडलं तर पाटा जळून आत पोकळी राहते आणि धाव चार दिवसांत सैल होते. वेळेवर पडलं तर धावेखाली सगळीकडे सारखा, पातळ काळा थर उरतो. तो कुणी शोभा म्हणून काढलेला नसतो. पण काम चोख झालं की नाही, हे त्या थरावरूनच कळतं.

आता डनलॉपच्या गाड्या आल्या, धाव बसवणारे लोहार विरळ झाले, आणि जुनी चाकं हायवेवरच्या हॉटेलांत व्हार्निश मारून भिंतीला टांगलेली दिसतात. लाकूड बेतानं जाळायची कला मात्र लेथवर जिवंत आहे.

लाकूड कातणाऱ्याला पूर्वी कातारी म्हणत. एक गडी दोरीनं चरक मागे-पुढे फिरवायचा आणि कातारी पटाशी धरायचा. आता मोटर आहे, बाकी हिशोब तोच. बाजारात रवी, भोवरा, लाटण्याच्या मुठी, पलंगाचे खूर यांवर काळी वलयं दिसतात. त्यांतली बरीच रंगाची किंवा लाखेची असतात, काही मात्र खरंच जाळलेली. ओळखायची तर नख फिरवून पाहावं. रंग वर बसलेला असतो; जळकी रेघ खाचेत खोल असते आणि तिच्या दोन्ही कडांना तपकिरी झाक उतरलेली असते.

ती काढायची रीत अगदी साधी आहे. लाकूड फिरत असताना तिरप्या पटाशीच्या टोकानं बारीक खाच पाडायची. खाच नसेल तर तार घसरते आणि चांगल्या नगाचं वाटोळं होतं. मग पोलादी तार खाचेत टेकवून दाबायची. पाच-सात सेकंदांत निळसर धूर निघतो, करपल्याचा वास येतो आणि रेघ उमटते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी हव्यातच. तार बोटांना गुंडाळणारे शहाणे भेटतात. लाकडानं तार ओढून घेतली तर बोट सोबत जातं. वाडग्याच्या आतल्या बाजूला तार पोचत नाही. तिथं सनमायकाच्या तुकड्याची कड टेकवली तरी काम होतं. हेद आणि शिवण यांच्यावर ही रेघ उठून दिसते, कारण दोन्ही फिकट रंगाची आणि कातायला गुणी लाकडं. शिसवीवर रेघ काढणं म्हणजे नुसता धूर.

इथं सावंतवाडीची आठवण होते. तिथले चितारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडाला धरते, आणि केवड्याच्या पानानं घासून तिला तकाकी आणतात. लाख सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडते. लाकूड काळं पडायला अडीचशेच्या पुढं जावं लागतं. म्हणजे विस्तव एकच, घर्षणाचा; कांडी हलक्या हातानं धरली तर रंग चढतो, तार दाबून धरली तर काळं पडतं. लाखकामाला मान मिळाला, ते पेठांत आणि प्रदर्शनांत गेलं. जळकी रेघ मुठीवरच राहिली. मला हा न्याय थोडा उणा वाटतो.

गेल्या काही दशकांत परदेशातल्या कारागिरांनी जाळकाम मुठीवरून उचलून सगळ्या नगावर पसरवलं. ब्रिटिश शिल्पकार डेव्हिड नॅश यांची कोळशासारखी काळी लाकडी शिल्पं प्रसिद्ध आहेत. जपानात घराच्या फळ्या जाळून लावायची जुनी पद्धत आहे, तिला याकिसुगी म्हणतात. आपल्याकडेही कुंपणाचा खांब पुरण्याआधी त्याचं बूड जाळून घेतात, पण ते वाळवीसाठी, आणि मातीखाली कोण पाहणार! लेथवर कातलेल्या वाडग्याला ब्लोटॉर्च लावला तर सागासारख्या लाकडात खरी गंमत दिसते. वाढीच्या वर्तुळांतला मऊ भाग आधी जळतो, घट्ट भाग टिकतो. मग तारेच्या ब्रशनं काजळी झाडली की वर्तुळं उठावात येतात, हाताला लागतात. वर तेल किंवा लॅकर हवंच, नाहीतर पाहुण्यांचे हात काळे. पातळ कड मात्र जाळू नये, ती तडकते. शिवाय भुसा आधी झाडून घ्यावा. त्यात पडलेली ठिणगी तास-दोन तास निमूट धुमसते आणि दुकान बंद झाल्यावर पेटते.

आणखी एक प्रकार व्हिडिओंमुळे घरोघर पोचलाय. लाकडावर मिठाचं किंवा सोड्याचं पाणी लावून जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज सोडायची. झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी उमटते, दिसते सुरेख. पण हा दोन हजारांच्या आसपास व्होल्टचा खेळ आहे आणि त्यात अनेकांचे जीव गेलेत. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेनं आपल्या कार्यक्रमांत त्याच्या प्रात्यक्षिकांवर बंदीच घातली आहे. ट्रान्सफॉर्मर भंगारात सहज मिळतो म्हणून कुणी हौशी हे करू पाहत असेल, तर त्याला आधी लेथपाशी उभं करावं आणि हातभर तार द्यावी, दोन्ही टोकांना मुठी लावून.