निबिरू आणि नववा ग्रह
निबिरू हे प्राचीन बॅबिलोनी साहित्यातील एका आकाशस्थ ज्योतीचे नाव आहे. 'एनुमा एलिश' या सृष्टिकथेत ते मार्दुक देवाशी जोडलेले असून खगोलविषयक लेखांत ते मुख्यतः गुरू ग्रहास लावलेले आढळते. गुरू नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यामुळे मूळ निबिरू हा अज्ञात ग्रह नव्हे.

आधुनिक दंतकथा
झेकारिया सिचिन यांनी १९७६ मध्ये निबिरू हा दर ३,६०० वर्षांनी परतणारा अज्ञात ग्रह असल्याचे प्रतिपादन केले. प्राचीन लेखांचे अभ्यासक हा अर्थ मान्य करत नाहीत. पुढे, २०१२ मध्ये हा ग्रह पृथ्वीवर आदळेल, अशी अफवा पसरली. ती खोटी ठरली.

वैज्ञानिक शोध
युरेनसच्या गतीतील तफावतीवरून वर्तवलेला नेपच्यून १८४६ मध्ये सापडला. उरलेल्या तफावतीसाठी पर्सिव्हल लॉवेल यांनी १९०६ पासून 'ग्रह एक्स'चा शोध घेतला. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो गवसला. परंतु त्याचे वस्तुमान फारच अल्प निघाले. व्हॉयेजर २ यानाच्या १९८९ मधील मोजमापांवरून नेपच्यूनचे वस्तुमान सुधारताच ती तफावतच नाहीशी झाली.

२०१६ मध्ये कॉन्स्टँटिन बॅटिगिन व माइक ब्राऊन यांनी नेपच्यूनपलीकडील काही पिंडांच्या कक्षांच्या विशिष्ट रचनेवरून 'नवव्या ग्रहा'चे गृहीतक मांडले. हा ग्रह अद्याप दिसलेला नाही. गणितानुसार तो नेपच्यूनच्या कक्षेच्या बराच बाहेर राहतो. त्यामुळे त्यास निबिरू म्हणणे चुकीचे आहे. अधिक निरीक्षणांनी हे गृहीतक सिद्ध अथवा रद्द होऊ शकते.