रामटेकात बाजदारी शिकायची तर

बाज किंवा ससाणा हातावर बसवून त्याच्याकडून शिकार करवून घेण्याची विद्या, म्हणजे बाजदारी, शिकावी असे ज्याच्या मनात येते त्याची आजच्या भारतात पहिली गाठ पडते ती कायद्याशी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची व्याख्या फार व्यापक आहे. प्राणी मारणे ही शिकार आहेच, पण त्याला पकडणे, फास किंवा जाळे लावणे, पक्ष्याच्या घरट्याशी आणि अंड्यांशी छेडछाड करणे हेही शिकारच ठरते. बहिरी ससाणा, गरुड, गिधाडे असे बहुतेक शिकारी पक्षी पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या बाबतीतला गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड होतो. ज्यांच्यावर हा पक्षी सोडायचा ते तितर, लावे आणि ससेही संरक्षित आहेत. शिक्षण, संशोधन, व्यवस्थापन अशा कारणांसाठी कायदा विशेष परवानगी देतो. छंदासाठी देत नाही. इतके सगळे असूनही रामटेक तालुक्यातल्या तरुणाने या विद्येकडे पाठ फिरवू नये, असे माझे म्हणणे आहे. शिकार वजा केली तरी बाजदारीत जे उरते, तेच आज शिकारी पक्ष्यांना वाचवण्याच्या कामात लागते, आणि त्या कामाची एक मोठी प्रयोगशाळा रामटेकच्या उत्तरेला पेंचच्या जंगलात उभी आहे.

ही विद्या वाळवंटातल्या अमिरांची, आपला तिच्याशी काय संबंध, असा एक समज आहे. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाला, म्हणजे बाजदारीला, जागा दिलेली आहे. मराठी गीताच्या फार जुन्या ओळी ज्यात सापडतात म्हणून मराठीचे अभ्यासक ज्याचा हवाला देतात, तोच हा ग्रंथ. आणि ती कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. पुढे कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने ‘श्यैनिकशास्त्र’ लिहिले. हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० मध्ये कलकत्त्याहून भाषांतरासह प्रसिद्ध केले. त्यात पक्ष्यांच्या जाती आणि शिकवण तर आहेच, पण ऋतूप्रमाणे त्यांचा आहार कसा बदलावा, आजारी पक्ष्याला काय द्यावे, यावरही सविस्तर मजकूर आहे. शिकारीच्या पुस्तकात शुश्रूषेला इतकी जागा मिळते, यावरून या विद्येचा खरा भार कशावर होता ते कळते. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीतही शिकारखाना आहेच. मुसलमानी दरबारांतून आलेले शब्द आणि साधने या परंपरेत मिसळली आणि बाजदार, मीरशिकार ही पोट भरण्याची कामे झाली.

बाजदार शिकारी पक्ष्यांची दोन गटांत विभागणी करीत. पिवळ्या-तांबूस डोळ्यांचे, आखूड गोलसर पंखांचे आणि लांब शेपटीचे ते गुलाबचश्म: बाज आणि शिक्रा. काळ्याभोर डोळ्यांचे, लांब टोकदार पंखांचे ते सियाहचश्म: बहिरी, शाहीन, लग्गड, तुरमती. ही विभागणी नुसत्या डोळ्यांच्या रंगावर थांबत नाही, तिच्यामागे जगण्याची दोन वेगळी तंत्रे आहेत. शिक्रा सागाच्या फांदीआड दबा धरून बसतो आणि चार-दोन झपाट्यांत सरडा किंवा चिमणी उचलतो. बहिरी ससाणा उघड्या आकाशात उंच चढतो आणि पंख मिटून खाली झेपावतो. त्या झेपेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. कोणता पक्षी झाडीत सोडायचा आणि कोणता मोकळ्या माळावर, हे बाजदाराला यातून ठरवता येत असे. आजच्या पक्षिमित्राला यातूनच कळते की जखमी शिक्र्याची उडण्याची क्षमता लहान जागेतही तपासता येईल, पण बहिरीला सोडण्याआधी पुरेसे लांब अंतर उडवून पाहिले नाही तर तो बाहेर उपाशी मरेल.

शिकवणीचा गाभा आहे भूक आणि विश्वास. पक्ष्याच्या पायांत मऊ चामड्याच्या वाद्या, पायाला घुंगरू, डोळ्यांवर टोपी. टोपी घातली की काही दिसत नाही, आणि दिसले नाही की शिकारी पक्षी घाबरत नाही. मग रात्र रात्र त्याला हातमोज्यावर घेऊन बसायचे, हळूहळू टोपी काढायची, मांसाचा तुकडा मुठीवरच द्यायचा. पुढे लांब दोरीला बांधून बोलवायचे आणि शेवटी दोरी सोडायची. कुत्र्यासारखी माया या पक्ष्याला नसते. माणसाच्या मुठीवर कमी कष्टात खायला मिळते, एवढ्या एका हिशेबावर तो परत येतो. म्हणून बाजदाराचे सगळे लक्ष वजनावर असते. शिक्र्याचे एकूण वजनच दीडशे-दोनशे ग्रॅमच्या घरात. त्यात आठ-दहा ग्रॅम जास्त झाले तर तो झाडावर जाऊन बसतो, तितकेच कमी झाले तर तो अशक्त होतो. आज त्यासाठी ग्रॅमचा काटा असतो. जुने बाजदार पक्ष्याच्या छातीवर बोटे फिरवून मधल्या हाडाची कडा चाचपत. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर पक्षी तब्येतीत, कडा धारदार लागली तर तो उपासमारीच्या टोकावर. पक्ष्यांचे डॉक्टर आजही जखमी घार हातात आली की आधी हीच जागा चाचपतात.

या विद्येने विसाव्या शतकात काय केले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बहिरी ससाणा अमेरिकेच्या पूर्व भागातून १९६० च्या दशकात प्रजननापुरता नाहीसा झाला. टॉम केड हे पक्षिशास्त्रज्ञ आणि स्वतः बाजदार. त्यांनी १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘पेरेग्रीन फंड’ ही संस्था उभी केली. पिंजऱ्यात या पक्ष्यांची वीण करण्याचे कौशल्य आणि त्यासाठीचे पक्षी मुख्यतः बाजदारांकडून आले. पिल्ले रानात सोडण्याची रीतही त्यांचीच. बाजदार पिल्लांना उंच जागेवरच्या खोक्यात ठेवत, माणूस दिसणार नाही अशा बेताने खाणे पोचवत, काही आठवडे मोकळे उडू देत आणि मग पुन्हा पकडत. केड यांच्या सहकाऱ्यांनी शेवटची पायरी गाळली आणि पिल्लांना पकडलेच नाही. या मार्गाने चार हजारांहून अधिक ससाणे रानात गेले आणि १९९९ मध्ये बहिरी ससाण्याचे नाव अमेरिकेच्या धोक्यातील प्रजातींच्या यादीतून निघाले.

याच संस्थेचे नाव पुढे गिधाडांच्या गोष्टीत येते, आणि तिथे ही हकिकत आपल्या दारात पोचते. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे पटापट मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याच्या जागेवर शेकड्यांनी उतरणारा पक्षी एका पिढीच्या डोळ्यांदेखत दिसेनासा झाला. रोगाचा संशय होता, पण कारण सापडले ते पेरेग्रीन फंडाने पाकिस्तानात केलेल्या अभ्यासात. २००४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाने दाखवले की गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीची मोठी बाटली गुरांना टोचली जात होती म्हणून २०१५ मध्ये तीही बंद केली, आणि २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांनाही गुरांसाठी मनाई झाली.

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि महाराष्ट्र वन विभाग यांनी दहा पांढऱ्या पाठीची गिधाडे पेंचमध्ये आणि दहा लांब चोचीची ताडोब्यात आणली. त्यांना लगेच उडवून दिले नाही. आधी जंगलातल्याच मोठ्या पिंजऱ्यात ठेवले, तिथले ऊन, वारा आणि आवाज त्यांच्या अंगवळणी पडू दिले, आणि काही महिन्यांनी पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवून दार उघडले. माणसाला पक्ष्यापासून दूर ठेवून त्याला जागेची सवय लावणे, खाणे बेताने पुरवणे आणि सोडल्यावर पाठपुरावा करणे, हा बाजदाराच्या कामाचाच क्रम आहे. सोडलेल्यांपैकी काही पक्षी दगावलेही. त्यावरून योजनाच फसली असे म्हणणारे आहेत. पण शिकारी पक्ष्यांची निम्म्याहून अधिक पिल्ले रानातही पहिले वर्ष पुरे करत नाहीत. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांकडून पहिल्याच फेरीत त्याहून चांगले काही मागणे रास्त नाही. अशा कामात दर मृत्यूचे कारण शोधून पुढची तुकडी सोडायची असते. जिथे रामाच्या नावाने टेकडी उभी आहे, त्या तालुक्याच्या लोकांनी जटायूच्या वंशाचा हा हिशेब स्वतःचा मानावा, अशी अपेक्षा मी मनापासून करतो.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की मग बाजदारीचे परवानेच का देऊ नयेत? अमेरिकेत नवख्याला लेखी परीक्षा द्यावी लागते, पक्ष्याची जागा तपासून घ्यावी लागते आणि जाणत्या बाजदाराच्या हाताखाली किमान दोन वर्षे उमेदवारी करावी लागते. पहिल्या वर्षी मरणाऱ्या पिल्लांपैकी थोडी घेतली तर संख्येला धक्का लागत नाही, हा तिथला युक्तिवाद आहे आणि तो खोटा नाही. पण तो मोजदादीवर उभा आहे. कोणत्या जातीची किती घरटी आहेत आणि त्यांतून किती पिल्ले उडतात, याची वर्षानुवर्षांची नोंद असेल तरच ‘थोडी’ म्हणजे किती ते सांगता येते. आपल्याकडे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने ज्या गटांची घट ठळकपणे नोंदवली, त्यांत शिकारी पक्षी आहेत. घटत्या भांडवलातून छंदासाठी उचल द्यायला मी तयार नाही. परदेशी पैदाशीचा पक्षी आणला तरी तो सोडायचा आपल्याच तितरांवर, आणि तो हातून निसटला तर आपल्याच रानात.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत बाजदारी २०१० पासून आहे, २०२१ पर्यंत तिच्यात २४ देश सामील झाले; त्यांत पाकिस्तान आहे, भारत नाही. बंदीमुळे पिढ्यान् पिढ्यांची विद्या आणि ती जपणाऱ्यांचे पोट दोन्ही गेले, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. पण याला एक उत्तर आपल्याच देशात सापडले होते. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने बिहारच्या पक्षी पकडणाऱ्या मीरशिकारांना कामाला घेतले. अली हुसेन यांच्यासारख्या कसबी माणसाने पिसाला धक्का न लावता पक्षी पकडावा, शास्त्रज्ञाने त्याच्या पायात कडे घालावे आणि पक्षी सोडून द्यावा, असे ते काम होते. त्यात हात तेच राहिले आणि हेतू बदलला. दोष आहे तो हे काम फार थोड्यांना मिळाले याचा. विदर्भातल्या पारधी समाजालाही रानाची अशीच बारीक जाण आहे, आणि गिधाडांची घरटी शोधायला पगारी माणसे लागणारच आहेत.

तिसरा आक्षेप तरुणांचा: पक्षी हातात नसेल तर हे सगळे पुस्तकीच. नागपुरात राहणाऱ्याला तरी हे पटू नये. संक्रांतीला नागपूरच्या आकाशात पतंग इतके असतात की नायलॉन मांज्याने पंख चिरलेल्या घारी दर वर्षी खाली येतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला या मांज्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये अशा पक्ष्यांवर उपचार होतात. घायाळ घार उचलताना तिच्या अंगावर आणि डोळ्यांवर जाड कापड टाकायचे, म्हणजे टोपीचे काम होते. दोन्ही पाय एकत्र धरायचे, कारण इजा नखांनी होते, चोचीने क्वचित. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचे, तोंडात पाणी किंवा दूध ओतायचे नाही, आणि १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करायचा. पंख बरा झाला तरी उडायची पिसे तुटलेली असतील तर पुढच्या पिसेगळीपर्यंत घार जमिनीवरच राहते. इथे बाजदारांची मध्ययुगापासूनची युक्ती कामी येते. तुटलेल्या पिसाचा पोकळ दांडा तिरका छाटायचा, दुसऱ्या घारीचे गळलेले, त्याच क्रमाचे पीस त्याच मापात कापायचे, दोन्हींच्या आत बांबूची बारीक सळी सरकवून चिकटवायचे. पीस एका क्रमाने चुकले किंवा किंचित फिरले तर पंखाचा तोल बिघडतो. हे हाताचे काम आहे आणि ते शिकवावे लागते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. रामटेकच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी पहिल्या हिवाळ्यात खिंडसी तलावाच्या काठी दुर्बीण घेऊन आकृतीवरून शिकारी पक्षी ओळखायला शिकावे, शिक्रा, कापशी, तिसा, सर्पगरुड यांची घरटी नोंदवावीत आणि तालुक्यातल्या औषधांच्या दुकानांत गुरांसाठी गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम मिळते की बंदी घातलेले औषध, हे पाहावे. दुसऱ्या वर्षी त्यांना वन विभागाच्या पशुवैद्यांच्या हाताखाली, रीतसर परवानगीने, हातमोजा, टोपी, काटा आणि पिसे जोडणे यांची उमेदवारी मिळावी. हा वर्ग पेंचमधल्या सिल्लारीत डिसेंबरमध्ये भरवला, तर शिकलेली मुले जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात कामाला हजर असतील.