अर्थ लागेना

मामांनी ब्रेक दाबला की जीपचा मागचा उजवा दिवा लालभडक पेटायचा आणि डावा होता तोही जवळजवळ विझायचा. वर आणखी एक गंमत: डाव्या बाजूचे पुढचे-मागचे दोन्ही इंडिकेटर मंद, पिवळट उजळायचे. वळायचं कुणाच्या मनातही नसायचं. रात्री मागून येणाऱ्याला वाटावं, पुढं मोटारसायकल चालली आहे. मामांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. रात्री ब्रेक कमीच लावायचा.

इनामगाव शिरूर तालुक्याच्या पूर्व अंगाला, घोड नदीच्या काठी. ऊस, काळी माती, आणि शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी असली की मध्यरात्री उठून मोटर चालू करायला मळ्यात जायचं. उसात बिबट्या असतो, ही आता शिरूर-दौंडकडं बातमी राहिलेली नाही. गळिताच्या दिवसांत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि त्यांच्या मागं दिवा असेलच असं नाही. इथं गाडीची लाइट ही चैन नाही. तरीही मामांच्या जुन्या महिंद्रा जीपची लाइट वर्षानुवर्षं तशीच मिणमिणत होती, आणि त्याला कारण जीपचं इंजिन.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पंप, नोझल, दाब, झालं काम. आमची जीप तर ट्रॅक्टरच्या इंजिनाचं भावंड. बॅटरी बसली तर चार पोरं बोलावून धक्का मारायचा, एकदा धडधडायला लागली की तिला विजेशी कर्तव्य नाही. बंद करायलाही किल्ली नाही, डॅशबोर्डखालची तार ओढायची. पेट्रोलच्या गाडीत वायरिंग बिघडलं तर गाडीच रस्त्यात उभी राहते आणि मालक झक मारत दुरुस्त करतो. डिझेल जीप बिघडलेल्या वायरिंगनिशी दहा वर्षं बिनतक्रार चालते. दुर्लक्षाची सोयच आहे ती.

जीप जन्मली तेव्हा मात्र दिव्यांचा विचार बारकाईनं झालेला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जीपचे हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असत. एक पंखी नट सैल केला की दिवा उलटा फिरवून बॉनेटखाली इंजिनावर उजेड पाडता यायचा. रात्री रस्त्यात दुरुस्ती करावी लागणार, हे आखणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी १९४७ मध्ये विलीजच्या जीपकडं वळली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडं बनत राहिली. युद्धातली जीप सहा व्होल्टची होती, पुढं बाराची पद्धत आली. बिजागरीचा हेडलाइट मात्र गेला. त्याची हळहळ मला त्या दिवशी वाटली, तोंडात टॉर्च धरून बॉनेटखाली वाकलो होतो तेव्हा.

जीपची लाइट बघायला वायरमन सकाळी आला. मी शहरातून नवा डिजिटल मीटर घेऊन गेलो होतो आणि तो दाखवायची मला घाई होती. डाव्या दिव्याचा होल्डर उघडला, ब्रेकच्या वायरीला मीटर लावला. बारा व्होल्ट! म्हणजे करंट येतोय. बल्ब काढून बघितला, तार शाबूत. मग पेटत का नाही?

"अर्थ लागत नसंल," वायरमन म्हणाला.

अर्थिंगला या धंद्यात नुसतं 'अर्थ' म्हणतात. अर्थ आहे का, अर्थ लागला का, अर्थ सुटलाय, अशी वाक्यं गॅरेजमध्ये दिवसभर चालतात. मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा जाऊन ऐकावीत.

मुद्दा असा की जीपमध्ये दिव्याकडं जाणारी वायर एकच. घरात बल्बला दोन तारा दिसतात. गाडीत दुसरी तार म्हणजे गाडीचं अंग. बॅटरीचं मायनस टोक चेसीला आवळलेलं असतं. करंट वायरीतून दिव्याकडं जातो आणि पत्र्यातून, बोल्टांतून, चेसीतून बॅटरीकडं परत येतो. लोखंड तांब्यापेक्षा कमी वाहक, पण चेसीची जाडी एवढी की त्यानं बिघडत नाही. बिघडतं ते सांध्यांवर. दिव्याचा डबा पत्र्याला स्क्रूनं धरलेला, मध्ये रंग आणि गंज. पत्र्याची बॉडी चेसीवर बसवलेली, मध्ये रबराचे गट्टू. इंजिनही रबरावरच. म्हणून इंजिन आणि चेसी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असावी लागते. ती तुटली की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि शंभर-दोनशे अँपिअर जेव्हा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जायला लागतात तेव्हा केबल चटका देते. क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल विनाकारण गरम लागली तर केबल बदलू नका, पट्टी बघा.

जुन्या जीपच्या लाइटची जी काही विचित्र दुखणी असतात, त्यातली बरीचशी या परतीच्या वाटेवरची असतात, असं माझं आता ठाम मत झालंय. आपण सगळे जाणारा करंट शोधतो. फ्यूज बघतो, स्विच बघतो, बल्ब बदलतो. येणाऱ्याची चौकशी कुणी करत नाही.

मग मीटरनं बारा व्होल्ट कसे दाखवले? वायरमननं खिशातून आपलं हत्यार काढलं. होल्डरमध्ये बसवलेला एकवीस वॅटचा बल्ब आणि दोन चिमटे. टेस्ट लॅम्प. एक चिमटा त्यानं त्याच ब्रेकच्या वायरीला लावला, दुसरा चेसीवर घासून चकचकीत केलेल्या जागी. बल्ब झक्क पेटला. दुसरा चिमटा चेसीवरून काढून दिव्याच्या डब्याला लावला. बल्ब लाल निखाऱ्यासारखा झाला. माझा मीटर मात्र दोन्हीकडं बाराच सांगत होता. फरक एवढाच की मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. एका कुजक्या धाग्यातून, गंजाच्या पापुद्र्यातूनही त्याला पुरेसं मिळतं. एकवीस वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, आणि तेवढे मागितले की वाटेचं खरं रूप कळतं. मामांना हे लगेच पटलं. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर दाब पुरता दिसतो. व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी किती पडतं, त्यावरून कळतं कचरा कुठं अडकलाय. फक्त पाइपातलं पाणी नदीकडं परत जायला लागत नाही. इथं परत गेल्याशिवाय पुढचं येतच नाही.

डाव्या इंडिकेटरचं भूतही इथंच सापडलं. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, टेल लॅम्पची पाच वॅटची आणि ब्रेकची एकवीस वॅटची. परतीची वाट दोघींना एकच, बल्बचं पितळी बूड. त्याच डब्यात इंडिकेटरचा बल्ब, त्याचंही बूड त्याच पत्र्याला. डब्याचा अर्थ सुटला की ब्रेकचा करंट बुडापर्यंत येऊन अडतो. मग तो इंडिकेटरच्या बल्बात उलटा शिरतो, त्याच्या वायरीतून थेट पुढच्या डाव्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथं अर्थ गाठतो. वाटेत तीन बल्ब एकामागोमाग एक. बारा व्होल्ट तिघांनी वाटून घेतले, तर कुणाच्याच वाट्याला धड काही येत नाही. टेल लॅम्पची तार तर दोन्ही बाजूंनी कोंडली जाते, म्हणून ब्रेक दाबल्यावर होता तो उजेडही जातो.

उपाय दहा मिनिटांचा. स्क्रू काढला, दोन्हीकडचा पत्रा पॉलिश पेपरनं पांढरा होईपर्यंत घासला, डब्यापासून चेसीपर्यंत स्वतंत्र वायर ओढली, टोकाला थिंबल दाबलं, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. मामांनी ब्रेक दाबला. मी मागून ओरडलो, "दोन्ही!"

हेडलाइटनं दुपार खाल्ली. उजेड चहाच्या रंगाचा. मामा म्हणत होते, शंभर-नव्वदचे बल्ब टाकू. हा मोह गावोगावी आहे. नेहमीचा हॅलोजन साठ-पंचावन्न वॅटचा. दोन शंभरचे लावले तर अप्परला सोळा अँपिअरच्या वर करंट जुन्या स्विचमधून जाणार, आणि उजेडाऐवजी डॅशबोर्डमागून धूर निघणार. आधी असलेल्या बल्बला किती मिळतंय ते बघायचं ठरलं. या वेळी माझ्या मीटरला किंमत आली, कारण दिवे पेटते ठेवून मोजत होतो. बॅटरीवर १२.२. बल्बच्या होल्डरवर ९.६. मधले २.६ व्होल्ट गेले कुठं?

मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर ठेवून दुसरी एकेका मुक्कामावर नेत गेलो. लाइटच्या स्विचमध्ये ०.६ गेले. पायाखालच्या डिपर स्विचमध्ये ०.५. चिखलाचे बूट त्यावर आपटतात, पावसाळ्यात पाणी साचतं, त्यामुळं हे अपेक्षितच. वायरी आणि जोड मिळून ०.३. आणि उरलेले १.२ एकट्या परतीच्या वाटेवर, मडगार्डवर रंगावरूनच आवळलेल्या एका स्क्रूपाशी. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, धाडकन कोसळतो. दहा टक्के व्होल्ट घटले की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी जातो. बाराऐवजी ९.६ म्हणजे निम्म्याहून कमी. एवढ्या उजेडात मामा ऊसवाटेनं रोज रात्री जात होते.

वायरिंगचा जुडगा सोडला तेव्हा मात्र इनामगावात असल्याचं सार्थक झालं. याच गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली वस्ती थरांनी उलगडली. तळाशी माळवा संस्कृती, त्यावर पूर्वकालीन जोर्वे, वर उत्तरकालीन जोर्वे. शंभराहून अधिक घरं, भट्टी, पाण्याचा पाट. जीपच्या डॅशबोर्डमागंही तसेच थर निघाले. सगळ्यात खाली कंपनीची मूळ वायरिंग, रंगवार, नीट बांधलेली, आणि आश्चर्य म्हणजे सर्वांत निरोगी. त्यावर जीप वडापला, म्हणजे प्रवासी भरून, चालायची त्या काळातला थर: टेपरेकॉर्डर, आतल्या दिव्याची माळ, तीन सुरांचा हॉर्न, सगळं एकाच फ्यूजवर. त्यावर मामांचा स्वतःचा काळ, म्हणजे घरगुती विजेची वायर, पीळ देऊन जोडलेली, चिकटपट्टीनं गुंडाळलेली. फ्यूजच्या एका खाचेत तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती. शॉर्ट झाला असता तर फ्यूज जाण्याऐवजी जीप गेली असती.

आणि जुडगा सोडताना तो झालाच. चांदी काढून नवा फ्यूज घातला आणि पार्किंगचा खटका ओढला, की फ्यूज उडे. दोन उडाल्यावर वायरमननं तिसरा घातलाच नाही. त्या जागी टेस्ट लॅम्पचे चिमटे लावले. बल्ब भगभगून पेटला, म्हणजे पुढं कुठंतरी वायर अंगाला टेकली आहे. आता फ्यूज जळण्याची भीती नाही, बल्बच करंट अडवतोय. मग तो चेसीच्या कडेनं जुडगा हलवत मागं सरकत गेला, आणि मी बल्बवर नजर ठेवून बसलो. मागच्या स्प्रिंगच्या शॅकलजवळ त्यानं वायर उचलली आणि बल्ब मंदावला, कारण करंट आता टेल लॅम्पमधून जाऊ लागला. पत्र्याच्या क्लिपनं वरचं प्लॅस्टिक कापलं होतं, आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत हेडलाइटला दोन रिले बसले. बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमधून रिलेला, तिथून थेट बल्बला. जुना स्विच आणि पायातला डिपर आता फक्त रिलेला 'चालू' म्हणून सांगतात, भार उचलत नाहीत. दोन्ही हेडलाइटचा अर्थ स्वतंत्र वायरीनं बॅटरीच्या मायनसपर्यंत. होल्डरवर ११.८ आले. बल्ब तेच जुने.

रात्री निघालो आणि पहिल्याच वळणावर समोरचा ट्रॅक्टरवाला शिव्या घालत बाजूला झाला. उजेड नव्हता तेव्हा दिवे आकाशाकडं बघत होते ते कुणाला कळलंच नव्हतं. नियम सांगतो की आठ मीटरवर उभ्या माणसाच्या डोळ्यांत, ते जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असतील तर, हेडलाइटनं अंधारी येता कामा नये. आम्ही परत फिरलो. जीप गोठ्याच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर, सपाट जागी लावली. बल्बच्या उंचीइतक्या फुल्या मामांनी खडूनं भिंतीवर काढल्या, मी रिंगमधले स्क्रू फिरवत डिपरचा झोत फुल्यांच्या चार बोटं खाली आणला. म्हैस उठून उभी राहिली, तिला काही पटलं नाही.

मोटर चालू करून आलो तेव्हा दीड वाजला होता. हॉर्न अजून वाजत नाही.