प्रसारण पत्रकारिता आणि सम्मावाचा

दि. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर भगवान बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. १९२० साली ‘मूकनायक’ काढणाऱ्या या संपादकाचा शब्द त्या दिवशी अक्षरओळख नसलेल्यांच्याही कानी पडू शकत होता. प्रसारण माध्यमाचे खरे सामर्थ्य हेच होय.

या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने प्रथम कानासाठी लिहिण्यास शिकावे. वाचक मागील ओळ पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून वाक्य लहान असावे, एका वाक्यात एकच माहिती असावी आणि ‘वरील’, ‘खालील’ असे शब्द टाळावेत. दूरचित्रवाणीवर जे डोळ्यांना दिसते तेच पुन्हा न सांगता, चित्रात नसलेले कारण व संदर्भ सांगावेत.

खेड्यातून, वस्तीतून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना उच्चारांचा संकोच वाटतो. हा संकोच अनाठायी आहे. ‘न’ व ‘ण’, ‘स’ व ‘श’, ‘ल’ व ‘ळ’ यांतील भेद सरावाने साधतो. रोज वृत्तपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचावी, ती भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ऐकावी व चुका टिपाव्यात. वार्तापत्र वाचताना प्रमाणभाषा लागते. परंतु वार्तांकनासाठी गावी गेल्यावर माणसे मोकळेपणी बोलतात ती आपल्या बोलीतच. म्हणून प्रमाणभाषा शिकावी, पण बोली टाकू नये.

पदवीनंतर पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट किंवा भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र येथे पत्रकारितेचे रीतसर शिक्षण घेता येते.

तथापि या व्यवसायाची आचारसंहिता आपल्याला घरीच मिळालेली आहे. आर्य अष्टांगिक मार्गातील सम्मावाचा चार गोष्टींपासून दूर राहण्यास सांगते : असत्य, चहाडी, कठोर वचन व निरर्थक बडबड. पडताळणीपूर्वीच घाईने दिलेली बातमी, दोन समाजांत तेढ वाढविणारे निवेदन, चर्चेतील आरडाओरड आणि केवळ वेळ भरण्यासाठी लांबविलेला मजकूर ही त्यांचीच आजची रूपे होत. ध्वनिक्षेपकासमोर बसण्यापूर्वी या चार कसोट्या लावणारा विद्यार्थी विश्वासास पात्र ठरेल. आणि ज्यांचे म्हणणे अद्याप कोणी ऐकलेले नाही, अशांपुढे तो ध्वनिक्षेपक नेईल, तेव्हा ‘मूकनायका’चे कार्य पुढे जाईल.