न जिंकणाऱ्या घोड्यावर जीव का जडतो?

काशीगाव, प्रतिनिधी : पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या काशीगावापासून महालक्ष्मीचे रेसकोर्स तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. वर्षभर या अंतराकडे कोणाचे लक्ष नसते. मात्र साधारणतः फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी होते, तेव्हा घोड्यांशी एरवी काडीचाही संबंध नसलेले अनेक जण मीरा रोडहून लोकल पकडून महालक्ष्मी गाठतात. उरलेले दूरचित्रवाणीसमोर बसतात. या हौशी मंडळींची एक गंमत असते. जाणकार ज्याला ‘फेव्हरिट’ मानतात, त्या घोड्याकडे ते फारसे पाहत नाहीत. जिंकण्याची शक्यता जवळपास नाही असा एखादा घोडा ते निवडतात आणि अडीच मिनिटे त्याच्यासाठी घसा फोडून ओरडतात. कुणी आजारातून उठलेला असतो, कुणी लहान मालकाचा, तर कुणाच्या पाठीवर उमेदीची वर्षे मागे टाकलेला जॉकी असतो.

हरणाऱ्याची बाजू घेण्याची ही ओढ येते कुठून, तिला खरोखर यश किती वेळा मिळते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे समजून घ्यायचे तर आधी शर्यत समजून घ्यावी लागते.

डर्बीत सवलत नाही

महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ सालचे. पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी तिच्यावर स्वार होता. चार वर्षांच्या घोड्यांसाठीची ही शर्यत २४०० मीटरची असते. घोड्याला ती आयुष्यात एकदाच धावता येते, कारण पुढच्या वर्षी त्याचे वय उलटलेले असते. म्हणूनच ‘या खेपेस नाही, तर पुढच्या खेपेस’ हा दिलासा येथे नाही.

रेसकोर्सवरील बहुतेक शर्यती ‘हँडिकॅप’ पद्धतीच्या असतात. त्यांत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि दुबळ्याच्या पाठीवर कमी वजन ठेवून दोघांना शक्य तितके समान पातळीवर आणले जाते. डर्बीत असे काही होत नाही. घोडीला वजनात थोडी सूट मिळते, एवढाच अपवाद. बाकी सर्वांना सारखेच वजन पेलावे लागते. साहजिकच येथे दुबळ्या घोड्याला जिंकणे अधिक कठीण जाते आणि तो जिंकलाच तर त्याचे कौतुकही अधिक होते.

मग अनपेक्षित निकाल लागतात कसे? पहिले कारण अंतराचे. डर्बीपूर्वी डिसेंबरमध्ये होणारी इंडियन टू थाउजंड गिनीज ही शर्यत १६०० मीटरची असते. तेथे चमकलेला घोडा फेव्हरिट ठरतो खरा. परंतु पुढची ८०० मीटर त्याचा दम टिकेल की नाही, हे शर्यत धावल्याशिवाय कळत नाही. दुसरे कारण वेगाचे. आघाडीच्या दोन घोड्यांनी सुरुवातीलाच एकमेकांशी ईर्षा केली, तर दोघेही अखेरच्या सरळ पट्ट्यात थकतात आणि मागे शांतपणे राखून धावलेल्या घोड्याचे फावते. तिसरे कारण निव्वळ योगायोगाचे.

योगायोगाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. १९६७ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत तेविसाव्या अडथळ्यापाशी एक मोकाट घोडा आडवा गेला आणि पुढचे जवळपास सर्व घोडे एकमेकांवर आदळले वा थबकले. ‘फॉइनावॉन’ हा घोडा इतका मागे होता, की त्याच्या जॉकीला वाट काढण्यास वेळ मिळाला. एकास शंभर भाव असलेला हा घोडा जिंकला आणि पुढे त्या अडथळ्यालाच त्याचे नाव देण्यात आले. अलीकडचे उदाहरण अमेरिकेचे. २०२२ च्या केंटकी डर्बीत ‘रिच स्ट्राइक’ या घोड्याला आदल्या दिवशी दुसऱ्या घोड्याने माघार घेतल्यामुळे जागा मिळाली. त्याचा भाव एकास ऐंशी होता. तो जिंकला, मात्र त्यानंतर त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही.

सहानुभूतीचे गणित

दुबळ्याबद्दलच्या या ओढीचा मानसशास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. अमेरिकेतील फ्रेझियर आणि स्नायडर या संशोधकांनी १९९१ मध्ये विद्यार्थ्यांपुढे दोन काल्पनिक संघांची सात सामन्यांची मालिका ठेवली. एक संघ बलाढ्य, दुसरा दुबळा. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी दुबळ्याची बाजू घेतली. नंतर त्यांना सांगण्यात आले, की दुबळ्या संघाने पहिले तिन्ही सामने जिंकले आहेत. त्यासरशी दुबळ्याच्या सुमारे निम्म्या पाठीराख्यांनी आपली सहानुभूती दुसऱ्या संघाकडे वळवली. म्हणजे प्रेम त्या संघावर नव्हते, त्याच्या मागे पडण्यावर होते.

फ्लोरिडातील व्हँडेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याला आणखी एक पैलू जोडला. मागे पडलेला खेळाडू अधिक कष्ट करीत आहे, असे पाहणाऱ्याला वाटते आणि या कष्टांमुळे तो आवडू लागतो, असे त्यांना आढळले. घोड्याच्या बाबतीत ही भावना विशेष तीव्र होते. घोडा बोलत नाही, सबबी सांगत नाही. तो केवळ धावतो. त्याच्या धावण्यात प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यातील एखादी अर्धवट राहिलेली शर्यत दिसते. आर्थिक मंदीने पिचलेल्या अमेरिकेला १९३८ मध्ये ‘सीबिस्किट’ हा ठेंगणा घोडा आपलासा वाटला, तो याचमुळे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला पिम्लिको येथे त्याने ‘वॉर अ‍ॅडमिरल’ या अव्वल घोड्याला चार लांबींनी हरवले, तेव्हा कोट्यवधी लोक रेडिओला कान लावून बसले होते.

येथवर सर्व ठीक आहे. अडचण सुरू होते ती ही सहानुभूती तिकीट खिडकीपाशी पोहोचल्यावर.

रेसकोर्सवरील ‘टोट’ अर्थात टोटलायझेटर हे यंत्र जॉर्ज ज्युलियस यांनी घडवले आणि १९१३ मध्ये ते न्यूझीलंडमध्ये प्रथम वापरात आले. त्याचे तत्त्व साधे आहे. सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, त्यातून ठरावीक वजावट होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गल्ल्यात एक लाख रुपये जमले आणि वीस टक्के वजा झाले, तर ऐंशी हजार उरतात. फेव्हरिटवर चाळीस हजार लागले असतील, तर तो जिंकल्यास रुपयाला दोन रुपये मिळतील. दुर्लक्षित घोड्यावर अवघे एक हजार लागले असतील, तर रुपयाला ऐंशी. आता त्या घोड्याची करुण कहाणी वर्तमानपत्रात छापून आली आणि एकूण लाखापैकी पाच हजार त्याच्यावर लागले, असे समजू. मिळकत ऐंशीवरून थेट सोळावर येते. घोड्याची ताकद मात्र तसूभरही वाढलेली नसते. थोडक्यात, ज्याच्यावर लोकांचा जीव जडतो, त्याचा भाव उतरतो आणि प्रेमाची किंमत प्रेम करणाऱ्यालाच चुकवावी लागते.

हा केवळ तर्क नाही. १९४९ मध्ये ग्रिफिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की लोक फेव्हरिटवर गरजेपेक्षा कमी आणि दुर्लक्षित घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात. स्नोबर्ग आणि वुल्फर्स यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील साठ लाखांहून अधिक नोंदी तपासल्या. प्रत्येक शर्यतीत फेव्हरिटवर पैसे लावणाऱ्याने शंभरामागे सरासरी साडेपाच गमावले होते, तर एकास शंभर वा त्याहून चढ्या भावाच्या घोड्यांवर लावणाऱ्याने एकसष्ट. नुकसान दोघांचेही होते. परंतु स्वप्नाचा दर दहापटींहून अधिक पडला.

भारतात यावर कराचा भार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले आणि परवानाप्राप्त रेसकोर्सवर पैज लावणे कायदेशीर आहे. तथापि लावलेल्या पूर्ण रकमेवर २०१७ पासून २८ टक्के असलेला जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. शिवाय एका व्यवहारात दहा हजारांहून अधिक रक्कम जिंकल्यास तीस टक्के प्राप्तिकर आधीच कापला जातो. गल्लीबोळांतील बेकायदा बुकी कर घेत नाही, हे आमिष असते. पण तेथे जिंकलेल्या पैशाला कोणतेही संरक्षण नसते आणि कायद्याचा बडगा असतो तो वेगळाच.

एकशे तेरा पराभवांची राणी

भावनेने भाव कसा उतरतो, याचे जगातील सर्वांत बोलके उदाहरण जपानमध्ये सापडते. ‘हारु उरारा’ ही घोडी कोची येथील छोट्या रेसकोर्सवर १९९८ पासून धावत होती आणि सातत्याने हरत होती. रेसकोर्सही कर्जात बुडाले होते व बंद पडण्याच्या बेतात होते. २००३ मध्ये तिच्या पराभवांची बातमी देशभर गाजली. मंदीने कंटाळलेल्या जपानी माणसाला हरूनही पुढच्या खेपेस पुन्हा धावणारी ही घोडी जवळची वाटली. तिचे तिकीट लोक जपून ठेवू लागले. तिच्यावर लावलेली पैज कधीच ‘लागत’ नाही. जपानी भाषेत ‘लागणे’ आणि ‘धडकणे’ यांना एकच शब्द असल्याने ते तिकीट वाहन अपघातापासून रक्षण करणारा ताईत ठरले.

२२ मार्च २००४ रोजी युताका ताके हा जपानचा आघाडीचा जॉकी तिच्यावर स्वार झाला. छोट्याशा कोचीत सुमारे तेरा हजार लोक लोटले. सलग १०५ शर्यती हरलेल्या या घोडीवर इतके पैसे लागले, की तिचा भाव १.८ पर्यंत उतरला आणि ती चक्क फेव्हरिट ठरली. अकरा घोड्यांत तिचा दहावा क्रमांक आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी ११३ शर्यती आणि ११३ पराभव या नोंदीवर तिची कारकीर्द थांबली. रेसकोर्स मात्र वाचले. सप्टेंबर २०२५ मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ती निवर्तली, तोवर चाहत्यांच्या आधाराने तिचा सांभाळ झाला.

शर्यतीनंतरची शर्यत

हारु उरारा भाग्यवान होती. शर्यतीचा घोडा वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. त्यातील धावण्याची वर्षे जेमतेम चार-पाच. विजेत्या नराला वा चांगल्या वंशाच्या घोडीला स्टड फार्मवर जागा मिळते. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न टाळ्यांच्या कडकडाटात ऐकू येत नाही. काही घोडे अश्वारोहण शाळांत जातात, काही हौशी स्वारांकडे, तर काही लग्नाच्या वरातीत दिसतात. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, त्यामागेही घोड्यांच्या हालअपेष्टांचाच मुद्दा होता.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तरही मिळाले. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा. तेथील निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विष वा विषद्रव्याची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचली की त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. त्या रक्तापासून धनुर्वातावरील आणि सर्पदंशावरील प्रतिविष बनते. घोडे आपले, मग प्रतिविषही आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट स्थापन केली. पुढे याच संस्थेची कोव्हिशिल्ड लस कोट्यवधी भारतीयांनी घेतली. ती लस घोड्यांपासून बनत नाही. पण त्या कारखान्याच्या पायाशी शर्यत संपलेले घोडे आहेत, हे विसरता येत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावरील औषध आजही घोड्यांच्याच रक्तापासून तयार होते. अर्थात या घोड्यांची निगा नीट राखली जात नाही, असे आक्षेप प्राणिमित्रांनी वेळोवेळी घेतले आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

महालक्ष्मीचे मैदानही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. २११ एकरांपैकी १२० एकर जागा मुंबईकरांच्या उद्यानासाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आणि ९१ एकर शर्यतींसाठी राहिली. डर्बी पुढेही धावली जाईल, फेव्हरिट पुढेही ठरतील आणि गर्दीतील कोणीतरी मागे पडलेल्या घोड्याच्या नावाने पुढेही ओरडेल. त्या ओरडण्याला तिकीट लागत नाही, कर लागत नाही आणि त्याने घोड्याचे काही बिघडतही नाही. पैज लावायचीच असेल, तर ती करमणुकीचा खर्च समजून, गमावले तरी चालेल एवढ्याच रकमेची असावी. घरभाडे आणि शाळेची फी टोटच्या खिडकीपासून दूर राहिलेली बरी. ज्यांना त्या घोड्याविषयी खरोखर माया वाटते, त्यांनी निकालाच्या फलकावरून नजर काढून आणखी एक साधा प्रश्न विचारावा. हा घोडा धावायचा थांबेल, तेव्हा त्याला वैरण कोण घालणार? मालक, रेस क्लब आणि सरकार यांना हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर हरणाऱ्या घोड्याची बाजू घेतल्याचे सार्थक होईल.