खेळण्यातलं रेल्वे इंजिन घसरायचं, म्हणून चाकाला चुंबकाची जोड

ओल्या रानात ट्रॅक्टरचं चाक जागेवरच गरगरतं, तेव्हा ताकद कमी नसते, पकड कमी पडते. म्हणून शेतकरी चाकाला वजनं लावतात, टायरमध्ये पाणी भरतात. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीपुढे हीच अडचण होती, फक्त खेळण्यातल्या रेल्वेची.

जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कला ही कंपनी काढली. तिच्या जुन्या इंजिनांतली मोटर घरच्या मिक्सरच्या जातीची. मधे फिरणारं आर्मेचर, बाजूला फिल्डची कॉइल आणि ब्रश. एसी विजेची दिशा सारखी बदलते, पण आर्मेचर आणि फिल्ड दोन्हींत ती एकाच वेळी बदलते, म्हणून मोटर एकाच बाजूला फिरते. गंमत म्हणजे वायरी उलट्या जोडल्या तरी गाडी मागे जात नाही! त्यासाठी इंजिनाच्या पोटात वेगळा स्विच असायचा. वीज क्षणभर तोडून परत दिली, की गाडी पुढे, थांब, मागे, थांब अशा क्रमाने चालायची.

मोटर दमदार, पण चाकही लोखंडी आणि रूळही लोखंडी. डबे जास्त झाले की चाक नुसतं फिरायचं. वजन वाढवावं तर मोटरवर ताण. १९५० मध्ये कंपनीने चाकांपाशी चुंबक बसवलं, नाव दिलं मॅग्नेट्रॅक्शन. चुंबक रुळाला ओढतं, त्यामुळे चाक दाबून बसतं, इंजिन मात्र जड होत नाही. वळणावर गाडी उलटण्याची भीतीही कमी झाली.

हे चुंबक अल्निकोचं, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रणाचं. कोरियाच्या युद्धात त्याचा तुटवडा पडला आणि १९५२ मध्ये काही इंजिनं चुंबकाविना विकावी लागली.

युक्ती चांगली, पण रूळ लोखंडी हवा. पितळेच्या रुळावर तिचा काही उपयोग नाही. शिवाय खिळा, चुका, लोखंडाचा कीस चाकाला चिकटतो आणि गिअरमध्ये जातो. पुढे पुष्कळ कंपन्यांनी चाकावर रबरी कडं चढवलं. ते स्वस्त पडतं, पण कडक होतं, झिजतं, बदलावं लागतं.

कोणा नातेवाइकाने अमेरिकेतून असा जुना संच आणलाच, तर त्याचा ट्रान्सफॉर्मर आपल्या सॉकेटमध्ये थेट घालू नका. तो तिकडच्या १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० येतात. तो जळू शकतो.